बारावी खूण

आक्का,

तुझ्या औषधाच्या बाटलीत अजून एक खूण शिल्लक आहे. बाटली कोनाड्यातच आहे, बूच घट्ट बसवलेलं. आई दोनदा म्हणाली, फेकून दे रं ती. मी फेकली नाही. तुला जाऊन आज नववा दिवस. रोज सकाळी मी ती खाली घेतो, पुसतो आणि परत ठेवतो. आईला सांगितलं की बाटल्या मिळत नाहीत, दवाखान्यात आपली बाटली नेल्याशिवाय कुणी औषध देत नाही, असू दे. ते खरंही आहे. पण तू असतीस तर लगेच ओळखलं असतंस. "मास्तर कारणं सांगाय लागला म्हंजी कायतरी लपवतोय," म्हणाली असतीस. एरवी मी तुझा नेमू, चिमटा काढायचा असला की मास्तर.

लपवत होतोच. परवापर्यंत लपवलं.

निपाणीत सध्या कुणी कुणाला भेटायला जात नाही. या मानमोडीच्या तापानं गल्लीतलं एक घर सोडलेलं नाही. शाळा दसऱ्याआधीच बंद झाली. तुला न्यायला चौघं जमवताना मी तीन गल्ल्या हिंडलो, आणि चौथा जो आला तो आदल्याच दिवशी तापातून उठलेला होता, वाटेत दोनदा खांदा बदलावा लागला. माझी बायको बाळंतपणाला बेळगावकडं उचगावला माहेरी आहे. तिला मी कळवलंय, काहीही कानावर आलं तरी इकडं यायचं नाही. म्हणजे घरात आई आणि मी. बोलायला तू लागतेस, आणि बोलायचं आहे तेही तुझ्याशीच. क्रमानं सांगतो. मास्तर माणूस, क्रम सोडला की मला काही सांगता येत नाही.

आपलं भांडण जुनं. बेळगावला मास्तरकीचं शिकायला गेलो तेव्हा मी खासबागेतल्या एका खाणावळीत जेवायचो. तिथं रात्रीचं पान आठला पडायचं. पहिला महिनाभर मी दिवस मावळायच्या आत चुरमुरे खाऊन पडून राहिलो. जैनाचं पोर, दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालायचं नाही. दुसऱ्या महिन्यात भुकेपुढं नियम हरला आणि तिसऱ्या महिन्यात मला तो नियमच खुळा वाटू लागला. सुटीत घरी आल्या आल्या तुला सांगूनही टाकलं, वर चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवल्या. तू दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर पाट मांडलास आणि हाक मारलीस, "ऊठ, दिवस बुडाय आलाय." तेव्हापासून इतकी वर्षं रोज तीच हाक. शाळेतून यायला उशीर झाला तर तू दारात उभी असायचीस, एक डोळा रस्त्यावर आणि एक मावळतीवर.

मी म्हणायचो, "अगं, कंदील हाय की. उजेडात किडा दिसतोय."

"बघणाऱ्याला दिसतोय. खाणाऱ्याला कुठला दिसाय?"

यावर मी नुसता आवाज चढवायचो. शाळेत साठ पोरांना गप्प बसवणारा मी घरात तुझ्याकडून रोज हरायचो, आणि ताटावर बसून जेवायचो. तुझ्या हातची ज्वारीची भाकरी आणि आमटी पुढं असली की हरल्याचं फारसं वाईट वाटायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र वाद मनाला लागला. तुझ्या पोटात कळा येत होत्या आणि दिवस मावळला म्हणून तू ओव्याचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मी देवळात, बस्तीत गेलो, पंडितांना विचारलं. ते म्हणाले, आजाऱ्याला औषधापुरती सूट असते. मी लढाई जिंकल्यासारखा घरी आलो. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सूट ठेवून नियम घेणाऱ्या येगळ्या. मी बिनसुटीचा घेतलाय."

"आक्का, जीव मोठा का नियम मोठा?"

"जीव जपायलाच नियम हाय की रं." आणि मग सूप खाली ठेवून माझ्याकडं बघितलंस. "लगीन आप्पानं ठरवलं. कुंकू दैवानं पुसलं. ह्यो एवढा एक नियम माझा मी घेतलाय, नेमू. तेवढा तरी माझ्यापाशी राहू दे."

चिकोडीच्या सासरहून तू कायमची परत आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस आणि मी दहा. आप्पा त्याच साली गेले. आई शेतावर, आणि माझं न्हाणंधुणं, अभ्यास, रडणं सगळं तुझ्याकडं. मी तुला कधी विचारलं नाही की तुझ्याकडं काय आहे. त्या दिवशी तू आपणहून सांगितलंस आणि मी विषय सोडला. पण वाद मनातून गेला नव्हता. कधीतरी हा नियम तुझा घात करील, आणि मी म्हणेन की बघ, मी सांगत होतो, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. हे तुला सांगायला लाज वाटते, पण आज सगळंच सांगायचं ठरवलंय.

आणि गंमत बघ, औषधपाण्यात तुझ्याइतकं सावध माणूस या घरात दुसरं नव्हतं. प्यायच्या औषधाचा कोनाडा वेगळा, चोळायच्या तेलाचा वेगळा. आईला वाचता येत नाही म्हणून चोळायच्या बाटलीच्या गळ्याला तू काळा दोरा बांधायचीस. "दोरा असंल ते त्वांडात घालायचं न्हाय," एवढं तिला पाठ. जुनं औषध उरलं की उकिरड्यावरही टाकायचं नाही, खड्डा करून पुरायचं, गुराढोरांनी चाटू नये म्हणून. मी हसायचो. गल्लीतल्या बायका मूल आजारी पडलं की आधी तुझ्याकडं यायच्या आणि तू निम्म्या वेळा सांगायचीस की काही देऊ नका, ऊन पाणी पाजा आणि निजवा. मी असतो तर काहीतरी दिलंच असतं. घाई माझ्या हाडात आहे. "पी हळद अन् हो गोरी," असं तू मला म्हणायचीस ते उगीच नाही.

गुरुवारी सकाळी तुला हुडहुडी भरली. डोळे लाल, अंगाला हात लावू देईनास. मी तुझी एरंडेलाची बाटली राखेनं घासून दवाखान्यात पळालो. डॉक्टर स्वतःच तापानं पडले होते. कंपौंडर एकटा, खासबागेतलाच माणूस, खाणावळीच्या दिवसांपासून माझ्या तोंडओळखीचा. समोर शंभर माणसं. त्यानं बाटली भरली, वरून खाली बारा खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "दर चार तासानं एक खूण, मास्तर. बाटली हालवून. दिवसरात्र." मागच्यानं धक्का दिला म्हणून मी बाहेर पडलो. येताना शाळेचं कुलूप काढून भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि घरी आणलं. चार तास म्हणजे चार तास, अंदाजाचं काम नको, म्हणून. शाळेचं घड्याळ तुझ्या उशाशी टांगलं तेव्हा तू तापातही म्हणालीस, "आता मलाबी घंटा झाली की उठायचं का रं?"

दहाला पहिली खूण, दोनला दुसरी, दिवस मावळायच्या जरा आधी तिसरी. रात्रीच्या दोन राहिल्या. तुला विचारण्यात अर्थ नव्हता, तरी विचारलं. तू नुसती मान हलवलीस. त्या रात्री तुझा ताप इतका चढला की तू सासरच्या माणसांशी कानडीत बोलत होतीस. आई रडत होती. मी घड्याळाकडं बघत बसलो आणि डोक्यात एकच, दोन खुणा चुकल्या, म्हणून हे झालं.

मग मी गणित केलं. दोन दिवसांच्या खुणा बारा. गुरुवारी सकाळी दहाला सुरू, शनिवारी सकाळी सहाला बारावी. रात्रीच्या तू घेणार नाहीस. ठीक आहे, नियम तुझा. मग राहिलेल्या सकाळी भरून काढायच्या आणि आजच्या रात्रीच्या संध्याकाळीच देऊन टाकायच्या. बेरीज तीच. नियमही राहिला आणि औषधही पोटात गेलं. मला खरंच वाटलं आक्का, की आपलं इतक्या वर्षांचं भांडण मी मिटवलं. तुझंही खरं आणि माझंही खरं. मनातून मी खूश होतो.

शुक्रवारी सूर्य नीट वर आल्यावर तू तोंड उघडलंस. मी तीन खुणा एकदम दिल्या. दहाला एक, दोनला एक. दुपारी तू म्हणालीस, "कानात रातकिडं वरडाय लागल्यात." मी म्हटलं, ताप आहे, वरडू देत. ऊन कलल्यावर परत तीन खुणा पेल्यात ओतल्या. पेला भरला. तू दोन घोट घेतलेस आणि हात आडवा धरलास. "साकु, नेमू. साकु." तुझी सासरची कानडी, पुरे म्हणत होतीस. आणि मी काय म्हणालो ते माझ्या कानातून जात नाही. मी म्हणालो, "पी, मी मोजलंय."

तू प्यालीस. तुला अंक मीच शिकवले होते, पाटीवर, पावसाळ्याच्या सुटीत. पट्टीवरच्या खुणा तुला मोजता आल्या असत्या. पण मास्तर घरात असताना तू कशाला मोजशील.

तासाभरात तुला घाम फुटला. इतका, की मी दोन लुगडी बदलायला आईला मदत केली. अंग गार पडलं. मी आईला म्हटलं, "उतरला बघ ताप." आईनं देवापुढं हात जोडले. तुझा श्वास भरभर चालला होता, तो मला ताप उतरतानाचा थकवा वाटला. दोन दिवसांनी पहिल्यांदा माझा डोळा लागला. उजाडायच्या सुमारास आईनं हाक मारली तेव्हा तू गेली होतीस. घड्याळात सहा वाजायला आले होते, बाराव्या खुणेची वेळ. माझा हिशेब अगदी बरोबर होता.

तेव्हा मला कशाचाच संशय नव्हता. मानमोडीनं माणसं जातात, तूही गेलीस, असंच वाटलं. मी रडलोही सरळ मनानं. ते सहा दिवस मला आता सुखाचे वाटतात, इतकं मागचं पुढं झालंय.

सहाव्या दिवशी रात्री आईला ताप भरला. सकाळी दुसरी बाटली घेऊन दवाखान्यात गेलो. गर्दी तेवढीच. कंपौंडर पट्टी चिकटवत होता. मला ओळखून त्यानं हात थांबवला.

"मास्तर, तुमच्यात दिवस मावळल्यावर घेत न्हाईत न्हवं?"

"न्हाय."

"मग रातच्या खुणा सोडायच्या. सकाळी भरून काढायच्या न्हाईत, सांजंला जोडून द्यायच्या न्हाईत. एका वेळंला एक. रातच्या चुकल्या तर ताप जरा चढंल, जीव जात न्हाय. जोडून दिलं की कान वाजत्यात, घाम सुटतोय, दम लागतोय, माणूस गार पडतंय. तुमच्या लोकांत दोन घरी तसं केलेलं मला कालच कळलं. पयल्याच दिवशी सांगायचं हुतं, गर्दीत राहिलं." मग बूच लावता लावता त्यानं विचारलं, "आक्कांना कसं दिलतं?"

"सांगितल्यापरमाणं," मी म्हणालो.

बाटली घेऊन मी बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर बसलो. लोक माझ्या अंगावरून जात होते. रात्रीच्या सोडायच्या. बस, एवढंच होतं. तुझा नियम तुझा घात करणार असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि तुझ्या नियमानं तुझं काहीच बिघडवलं नसतं. तू रात्री तोंड मिटून पडलीस तेच बरोबर होतं. घरात चुकलं ते एकट्या माझं गणित. 'अति तेथे माती' ही म्हण मी गेल्याच महिन्यात फळ्यावर लिहून तिसरीच्या पोरांकडून पाच वेळा घोकून घेतली होती.

घरी जाताना शेजारच्या तात्यांच्या दारात थांबलो. त्यांची बायको आणि सून दोघी तापात. आपल्यातलेच, त्यामुळं त्यांच्याकडं काय चाललं असेल ते मला न विचारता कळलं. म्हटलं, "तात्या, रातचं औषध सांजंला जोडून देऊ नका."

"का हो मास्तर? आम्ही तर तसंच देतोय. सोपं पडतंय."

"देऊ नका. कंपौंडरानं सांगितलंय."

"मला तर म्हणाला न्हाय. का म्हणून न्हाय द्यायचं?"

मला का ते सांगता आलं नाही. "नगं म्हटलं की नगं," असं शाळेतल्यासारखं खेकसलो आणि घरात आलो. तात्या ऐकणार नाहीत हे मला कळत होतं. त्या घरातल्या दोन बायकांचा जीव आणि माझी अब्रू यांत मी अब्रू घेऊन घरी आलो.

त्या दिवशी आईला दहाची खूण दिली, दोनची दिली. ऊन कललं. मी एक खूण ओतली. आईनं पेल्यात बघितलं.

"एवढंच? रातचं पण आत्ताच घाल की. आक्काला दिलतंस तसं."

"न्हाय आई. रातचं सोडायचं."

"का? तिला दिलंस, मला का न्हाय? मी म्हातारी झाले म्हणून?"

"तिला दिलं ते चुकलं."

"काय चुकलं?"

मला वाटलं होतं, हे आपण कधीच सांगणार नाही. तुला सांगता येणार नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं कारण नाही. पण आई पेला घ्यायला हात पुढं करून बसली होती आणि तिला तिन्ही खुणा पाहिजे होत्या. मी सांगितलं. सकाळी तीन, सांजंला तीन. कान वाजलं ते, घाम आला तो. कंपौंडर काय म्हणाला ते. सगळं बोटं मोजून सांगितलं, वर्गात सांगावं तसं.

आईनं पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाली, "त्यो म्हणाला का, त्यानंच गेली म्हणून?"

"मी त्याला इचारलंच न्हाय."

"मग?"

"मला ठाऊक न्हाय, आई. तापानं गेली असंल. माझ्या हातानं गेली असंल."

तिनं माझ्या हाताला झटका दिला. पेला पडला, औषध जमिनीवर पसरलं. ती ओरडली नाही. तोंडावर पदर ओढला आणि भिंतीकडं वळली. पदराआडून फक्त एकदा ऐकू आलं, "गुणाची गं माझी." मी दुसरी खूण ओतली आणि पेला घेऊन तिच्या पाठीशी बसलो. दिवस बुडेपर्यंत बसलो. ती वळली नाही. अंग भट्टीसारखं तापलेलं होतं. आक्का, तेव्हा मला तुझी आठवणही आली नाही, खरं सांगतो. मला एकच दिसत होतं की आता ही माझ्या हातून काही घेणार नाही आणि हीसुद्धा जाणार. खोटं बोललो असतो तर प्याली असती. खरं बोलून मी तिला मारतोय असं वाटत होतं. इतका निराधार मी आप्पा गेले तेव्हाही झालो नव्हतो, कारण तेव्हा तू होतीस.

सकाळी सूर्य वर आल्यावर तिनंच हाक मारली. आवाज पार खोल गेलेला. मी पेला घेऊन गेलो.

"तात्याला सांगितलंस?"

"सांगितलं. जोडून देऊ नका म्हणून."

"का देऊ नका, ते सांगितलंस?"

"न्हाय."

"मग त्यो कशाला ऐकंल? जा, सांगून ये."

"आधी औषध घे, मग जातो."

"आधी सांगून ये."

मी गेलो. गल्लीतून तात्यांच्या दारापर्यंत वीस पावलं आहेत. तात्या दारातच होते. मी म्हणालो, "तात्या, आक्काला मी जोडून दिलतं. तीन तीन खुणा. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंच गेली का ते मला सांगता येत न्हाय. पण तुम्ही देऊ नका." समोरच्या ओसरीवर दोघंजण बसले होते, त्यांनीही ऐकलं.  आतून तात्यांच्या मुलाचा आवाज आला, "तात्या, आत्ताच तीन वतल्यात की मी." तात्या वळून आत धावले. मी तिथं थांबलो नाही.

तिथून तसाच दवाखान्यात गेलो. कंपौंडरलाही खरं सांगायचं होतं, आणि विचारायचं होतं की एवढ्यानं माणूस जातं का. दार बंद होतं. तो रात्रीच तापानं पडला म्हणे. बाहेर लोक रिकाम्या बाटल्या घेऊन उभे होते. मला उत्तर देणारा एकच माणूस होता आणि तोही आता त्याच्या घरी कण्हत पडला आहे. तो उठेल का नाही, कुणास ठाऊक. उठला तरी तो काय सांगणार? शंभरातला कोण तापानं गेला आणि कोण औषधानं, हे त्याला तरी कुठून कळणार? हे न कळणंच आता माझ्या वाट्याला आलंय, ते मी समजून चुकलो आहे.

घरी आलो तर आई भिंतीला टेकून बसली होती. कशी उठून बसली तिचं तिला माहीत.

"सांगितलंस?"

"व्हय."

"कोणकोण हुतं?"

मी सांगितलं. तिनं मान हलवली. मी बाटली हलवली, पट्टीला अंगठा लावून एक खूण ओतली आणि पेला तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला. तिरका करून बघितला. मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "एकच न्हवं?"

"एकच, आई."

ती प्याली. माझ्या हातून प्याली, आक्का. मी पेला घेऊन चुलीपाशी गेलो आणि तिथं बसून रडलो, तुझ्यासाठी का तिच्यासाठी ते मला सांगता येणार नाही.

ही कालची गोष्ट. तेव्हापासून दर वेळी ती विचारते. दहाला विचारलं, दोनला विचारलं, दिवस मावळायच्या आधी विचारलं. आज सकाळी ताप होता तसाच होता आणि तिला मान उचलवत नव्हती, तरी पेला ओठांना लावायच्या आधी विचारलंच. रागानं नाही. मला टोचावं म्हणूनही नाही. आपली पोरगी ज्या हातातून प्याली त्याच हातातून प्यायचं आहे, तर विचारून प्यायचं, एवढंच. दर वेळी मला वाटतं की हा प्रश्न या घरात आधीच विचारायला पाहिजे होता. तू हात आडवा धरलास तेव्हा मी तो ऐकला नाही.

ती वाचेल का, मला माहीत नाही. तुझ्याकडं काही मागावं असं माझं तोंड राहिलेलं नाही, म्हणून मागत नाही.

दोन वाजले. बाटली हलवून ठेवली आहे. आता मी उठेन, एक खूण ओतेन, आणि ती विचारेल. मी सांगेन, एकच. ती बरी झाली आणि विचारायची विसरून गेली तरी सांगेन. ती राहिली नाही आणि उद्या या घरात दुसरं कुणी तापानं पडलं, तर त्यालाही पेला देण्याआधी सांगेन, त्यानं विचारलं नसलं तरी.

तुझा
नेमू